घरातली शिकवणी : पायपेटी ते पियानो



नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की किल्ला, निजामशाही, चांदबिबी, मलिक अंबर हे विषय आपोआप येतात. आज आम्ही एक अगदी घरगुती विषय निवडला आहे. राहत्या घरात, पुढच्या खोलीत, वाद्य शिकवण्याचा व्यवसाय. त्यातही पट्ट्यांची वाद्यं, म्हणजे पेटी, ऑर्गन, पियानो, कीबोर्ड.

हा विषय का, ते आधी सांगतो. आज सावेडीत किंवा भिंगारला, किंवा श्रीरामपूर-संगमनेरसारख्या गावात कुणी घरच्या घरी पियानोची शिकवणी सुरू करायचं ठरवलं, तर घरातल्यांची पहिली प्रतिक्रिया साधारण अशी असते : ‘कर की, फावल्या वेळात चार मुलं येतील.’ म्हणजे हे काम छंद आणि नोकरी यांच्या मधलं काहीतरी आहे, असं आपण धरून चालतो. आमचं म्हणणं वेगळं आहे. घरात बसून संगीत शिकवता यावं यासाठी चार गोष्टी आधी घडाव्या लागल्या. घरात मावेल आणि परवडेल असं वाद्य लागलं. कागदावर लिहिलेला अभ्यासक्रम लागला. घराच्या उंबरठ्याची परवानगी लागली. आणि चौथी गोष्ट फी, म्हणजे शिकवण्याच्या वेळेला ठरलेली किंमत. या चारही गोष्टींना स्वतंत्र इतिहास आहे, आणि त्यातल्या चौथीचं भांडण अजून मिटलेलं नाही.

पियानोच्या मास्तरांचा जन्म

सुरुवात युरोपातून करावी लागेल, कारण पियानो तिथला. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा कारागीर फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या पदरी वाद्यांची देखभाल करत असे. 1700 च्या सुमारास त्याने असं वाद्य बनवलं की ज्यात पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते. बोट हळू टेकवलं तर आवाज हळू, जोरात टेकवलं तर मोठा. आधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा करता येत नसे. पियानो हे नावच मुळी ‘हळू आणि मोठा’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांतून आलं आहे.

पण वाद्य तयार झालं म्हणून शिक्षक तयार होत नाही. आणखी सत्तर-ऐंशी वर्षं संगीतकार हा कुणाच्या तरी पदरचा माणूस होता, दरबाराचा नाहीतर चर्चचा. 1781 मध्ये मोझार्टने साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडली आणि तो व्हिएन्नात राहिला. तिथे त्याचं पोट तीन गोष्टींवर चालायचं : जलसे, रचना आणि शिकवण्या. हा बदल आपण नीट लक्षात घ्यावा. धन्याची चाकरी संपली आणि तासांची विक्री सुरू झाली.

पुढे शोपँ. तो 1831 मध्ये पॅरिसला आला. आज आपण त्याला संगीतकार म्हणून ओळखतो, पण त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार घरी घेतलेल्या शिकवण्या हाच होता. त्याची फी तासाला 20 फ्रँक. विद्यार्थिनीच्या घरी जाऊन शिकवायचं असेल तर 30. आणि पैसे हातात द्यायचे नाहीत, शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवायचे, असा शिरस्ता होता. आपल्याकडे आजही पाकीट हळूच टेबलावर ठेवलं जातं, नाही का? शिकवण्याचे पैसे घेण्यातला संकोच फक्त आपल्याच संस्कृतीत आहे असा आपला समज असतो. तो काही खरा नाही.

तिसरं नाव चेर्नीचं. कार्ल चेर्नी, बेथोवेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू. हा माणूस व्हिएन्नात वर्षानुवर्षं दिवसाला दहा-बारा तास शिकवत असे. रोज तेच ते प्रश्न : मनगट कसं ठेवायचं, अंगठा बोटांखालून कसा न्यायचा, नवख्याला पहिल्या महिन्यात काय द्यायचं. यातून त्याने सरावाच्या वह्यांवर वह्या लिहिल्या. त्याचं 599 क्रमांकाचं नवशिक्यांचं पुस्तक आजही जगभर वापरतात. म्हणजे ज्या मुलाने आज नगरमध्ये चेर्नीचा पहिला धडा वाजवला, ते मूल एका घरगुती शिक्षकाच्याच अनुभवावर उभं आहे. विद्यापीठात बसून केलेलं ते संशोधन नव्हतं.

नगरला वाद्य कसं आलं

आता आपल्या गावाकडे येऊ. 1803 च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पुढे इंग्रजी अंमल स्थिरावला, छावणी आली. छावणी आली की अधिकाऱ्यांची मेस आली, आणि मेसमध्ये नाहीतर साहेबाच्या बंगल्यात पियानो असणं ही त्या काळची नेहमीची गोष्ट. पण तो पियानो भिंतीच्या आतच राहिला. गावाशी त्याचा संबंध आला नाही.

गावाशी संबंध आला तो दुसऱ्या वाटेने. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. या मंडळाचं मुख्यालय अमेरिकेत बॉस्टनला होतं. मिशनने शाळा काढल्या. सिंथिया फरार बाईंनी नगरला मुलींच्या शिक्षणाचं जे काम केलं ते आपल्याला ठाऊक आहेच. शाळा आणि चर्च आलं म्हणजे प्रार्थनेची गाणी आली, आणि गाण्यांना साथ हवी. पियानो इथे आणणं किती अवघड, बघा. आत सुमारे 230 तारा, त्यांचा एकूण ताण काही टनांचा, लाकूड हवेप्रमाणे फुगणारं आणि आकसणारं. नगरचा उन्हाळा कोरडा, मग पावसाळ्यात दमट हवा. सूर उतरले तर जुळवणारा माणूस मुंबईहून बोलवायचा. त्यापेक्षा सोयीचं वाद्य म्हणजे भात्याचं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेनने 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं होतं. त्यात तारा नाहीत, पितळेच्या पातळ पट्ट्या आहेत. पायाने भाता हलवला की त्या हवेने थरथरतात आणि सूर निघतो. हवामानाची फारशी पर्वा नाही, वजन कमी, किंमत कमी. भारतभर चर्चमध्ये, मिशनच्या शाळांत आणि बंगल्यांत हेच वाद्य पोचलं. आपण त्याला पायपेटी म्हणू लागलो.

इथे एक गमतीची तुलना करण्यासारखी आहे. बॉस्टनहूनच 1880 मध्ये ल्यूथर व्हायटिंग मेसन नावाचे शिक्षक जपानला गेले. त्यांना बोलावलं होतं जपान सरकारने. इसावा शूजी या शिक्षणाधिकाऱ्याच्या पुढाकाराने सरकारी शाळांत गाणं सक्तीने आणायचं ठरत होतं. शाळेत गाणं आलं, गाण्यासाठी ऑर्गन आला. 1887 मध्ये हामामात्सु गावच्या शाळेतला बाहेरून आणलेला ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराला बोलावलं. त्याने दुरुस्त करता करता तो कसा बनतो ते पाहिलं, स्वतः बनवला, आणि 1900 मध्ये त्याच्या कंपनीने पियानो केला. आज आपण कीबोर्डवर जे यामाहा हे नाव वाचतो, ते हेच.

भारतात त्याच भात्याच्या वाद्याचं काय झालं? 1875 च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून हाताचा भाता केला. का? कारण आपण खुर्चीवर बसून गात नाही, मांडी घालून गातो. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. पेटी जमिनीवर उतरली आणि भारतीय झाली. जपानमध्ये सरकारने वाद्य शाळेत नेलं, त्याचा कारखाना झाला. आपल्याकडे सरकारने संगीताला शाळेत फार जागा दिली नाही, म्हणून वाद्य घराघरांत शिरलं आणि शिकवणीच्या आधाराने जगलं. आपल्याकडच्या संगीतशिक्षणाचा हा मूळ फरक आहे, असं आम्हाला वाटतं. जे काम तिकडे शाळेने केलं, ते इकडे घरातल्या मास्तरांनी केलं.

नगरचा वाटा यात आणखी एका अंगाने आहे. परदेशी चालींवर मराठी शब्द बसवले की ते अवघडल्यासारखे वाटत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती आशयाची कीर्तनं आणि पदं आपल्या देशी चालींत आणली. पुढे नारायण वामन टिळक. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नंतरची बरीच वर्षं ते नगरला होते. त्यांची भजनं, अभंग मराठी चर्चमध्ये आजही गातात. म्हणजे एकाच उपासनेत चार आवाजांत म्हणायचं परदेशी स्तोत्रही आहे आणि टाळ-तबल्यावर म्हणायचं भजनही आहे. पेटीवर बसणाऱ्या माणसाला दोन्ही यावं लागतं. नगर जिल्ह्यात घरी शिकवायला बसणाऱ्यांसाठी हा वारसा फार मोलाचा आहे, त्याकडे आपण शेवटी परत येऊ.

वही आणि परीक्षा

वाद्य आलं. आता शिकवायचं काय? आपली परंपरा गुरूसमोर बसून ऐकण्याची. गुरूच्या घरी राहायचं, सेवा करायची, गुरू देतील तेव्हा घ्यायचं. यात ‘आज मंगळवार, पाच ते सहा, धडा तिसरा’ असं काही नसतं. घरगुती शिकवणीला मात्र नेमकं हेच लागतं.

हे काम एकाच पिढीत झालं. बडोद्याला मौलाबक्ष यांची गायनशाळा 1886 मध्ये निघाली आणि त्यांनी स्वरलिपी वापरून शिकवलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 मध्ये ते मुंबईत आले. इयत्ता, वेळापत्रक, छापील पुस्तकं, परीक्षा ही सगळी शाळेची व्यवस्था त्यांनी संगीताला लावली. विष्णु नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी घराण्यांतल्या चिजा जमवून स्वरलिपीत छापल्या, आणि 1910 पासून त्यांचं ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत प्रसिद्ध होऊ लागलं. दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या, स्वभाव वेगळे, पण परिणाम एकच : गुरूच्या घरी बारा वर्षं न राहिलेला माणूसही निदान सुरुवातीचं संगीत दुसऱ्याला शिकवू शकेल, अशी सोय झाली.

पलुस्करांच्या निधनानंतर 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी आज तालुक्याच्या गावातल्या पालकांनाही पाठ असते. इंग्लंडमध्ये अशीच शिडी आधी उभी राहिली होती. लंडनचं ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिक 1872 चं, रॉयल स्कूल्सचं परीक्षा मंडळ 1889 चं. पहिली ग्रेड ते आठवी ग्रेड. या दोन्हींच्या परीक्षा भारतात होतात आणि आपल्याकडे पियानो शिकवणारे बहुतेक जण त्यांचाच अभ्यासक्रम लावतात.

परीक्षेचा फायदा उघड आहे. घरात शिकवणाऱ्या बाईंचं नाव कुणाला ठाऊक नसतं, पण ‘आमची मुलं ग्रेड तीनला बसतात’ म्हटलं की पालकांचा विश्वास बसतो. अनोळखी शिक्षकाला परीक्षेने पत मिळवून दिली. तोटाही तितकाच उघड आहे. वर्षभर तीन तुकडे घोकायचे, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं, आणि चौथं गाणं समोर ठेवलं की बोटं थांबतात. असं मूल संगीत शिकलं असं म्हणायचं का? प्रत्येक शिक्षकाला हा प्रश्न पहिल्या वर्षीच सोडवावा लागतो, कारण नंतर पालकांची अपेक्षा घट्ट होऊन बसते.

उंबरठा

तिसरी गोष्ट परवानगीची. यासाठी पुन्हा नगरच्या किल्ल्यात जाऊ, पण वेगळ्या कारणाने. 1942 च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे स्थानबद्ध होते. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे आपण शाळेत शिकतो. मौलाना आझादांनी तिथेच पत्रं लिहिली, जी त्या वेळी पाठवता आली नाहीत. पुढे ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. त्यातलं एक पत्र संगीतावर आहे. तरुणपणी कोलकात्यात आपण सतार कशी शिकलो ते आझाद त्यात सांगतात. वडील मोठे धर्मपुरुष, घरात वाद्याचं नाव काढणं शक्य नाही. शिकवायला मसीताखाँ तयार, शिकणारा उत्सुक. अडलं होतं ते घरापाशी. शेवटी दुसऱ्याच एकाच्या घरी शिकवणी ठरली.

एवढ्या मोठ्या माणसाची ही अडचण, तर सामान्य घरातल्या मुलीचं काय? महाराष्ट्रातही गाणं-वाजवणं म्हणजे कलावंतांच्या घरचं काम, ‘चांगल्या घरात’ ते चालायचं नाही. हे बदलायला दोन-तीन बाजूंनी धक्के बसले. 1880 मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि नाट्यपद मध्यमवर्गाच्या ओठांवर बसलं. 1911 च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नावाजलेले पेटीवादक. नाटकात पुढे बसलेला ऑर्गनवाला लोकांनी पाहिला, तसा सूर आपल्या घरात असावा असं त्यांना वाटू लागलं. पलुस्करांनी संगीताला भक्तीची आणि सभ्यतेची जोड दिली, स्त्रियांनाही शिकता येईल अशी सोय केली. आणि हिराबाई बडोदेकरांनी तर मैफलीत बसून गाण्याला नवी प्रतिष्ठा दिली, भावंडांसह संगीत विद्यालयही चालवलं.

मग घरी येणारे पेटीमास्तर हे पात्र आपल्या शहरांत दिसू लागलं. दार उघडं, आई किंवा आजी स्वयंपाकघराच्या दारात, मुलगी पेटीवर, मास्तर चटईच्या दुसऱ्या टोकाला. मुलीला दोन-चार पदं आली म्हणजे लग्नाच्या बाजारात उपयोग, हा हेतू होताच, तो लपवायचं कारण नाही. पण त्या दोन-चार पदांच्या निमित्ताने पेटी घरात कायमची आली. पुढच्या पिढीत त्याच मुलींनी स्वतःच्या घरात शिकवण्या घेतल्या. युरोपातही असंच झालं होतं. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गातल्या स्त्रीला प्रतिष्ठेने करता येतील असे व्यवसाय मोजकेच, त्यांत पियानोची शिकवणी एक. घर हे बंधनही होतं आणि घर हेच कामाचं ठिकाणही झालं.

गोव्याची वाट जरा निराळी, तीही सांगायला हवी. तिथे चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवत. त्या शिदोरीवर गोव्याचे वादक मुंबईला आले, धोबीतलाव भागातल्या आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये उतरले, वाद्यवृंदांत आणि सिनेमात वाजवू लागले, आणि शिकवण्याही घेऊ लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. 1977 च्या सिनेमातल्या गाण्यात ते नाव आलं आणि देशभर पोचलं. एका शिक्षकाचं नाव असं लोकांच्या तोंडी राहणं हे फार दुर्मीळ आहे. पियानोच्या बाबतीत मुंबईत ओल्गा क्रेन यांच्यासारख्या वादक-शिक्षिका होत्या. पण ही दुनिया मुंबईची, पारशी आणि ख्रिस्ती घरांची. नगरच्या गल्लीत ती यायला बराच काळ जायचा होता.

बंदी आली तरी

मधल्या काळात पेटीवरच संकट आलं. आक्षेप असा : पेटीत बारा ठरलेले सूर. दोन सुरांच्या मधली जागा नाही, मींड नाही, श्रुती नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा अभ्यास करून वेगळी पेटी घडवण्याचे प्रयत्नही केले. रवींद्रनाथांना पेटी आवडत नसे. 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने हार्मोनियम बंद केली, आणि ती बंदी 1971 पर्यंत टिकली. तीस वर्षं! देशातल्या सर्वांत मोठ्या श्राव्य माध्यमाने एका वाद्याला दार बंद केलं.

शास्त्र म्हणून आक्षेपात तथ्य होतं. पण घराघरांत काय झालं? काहीच थांबलं नाही. शिकवण्या चालू राहिल्या, भजनी मंडळं चालू राहिली, चर्च चालू राहिलं, कीर्तनकार चालू राहिले. दिल्लीहून आलेला हुकूम पुढच्या खोलीपर्यंत पोचत नाही. शेवटी बंदी सैल झाली तेव्हा पेटी वाजवणारे तयारच होते, कारण त्यांना शिकवणारे तीस वर्षं आपलं काम करत होते. घरातल्या शिकवणीची ताकद दाखवायला याहून मोठा दाखला आम्हाला तरी आठवत नाही.

कीबोर्ड आणि आजची सुरुवात

पियानो नगरमधल्या सामान्य घरात आला तो विजेवर चालणारा होऊन. 1980 मध्ये कॅसिओ या जपानी कंपनीने कॅसिओटोन नावाचा कीबोर्ड काढला. ही कंपनी मूळची कॅल्क्युलेटरवाली. तारा नाहीत, भाता नाही, सूर उतरत नाही, काखेत मारून नेता येतो. आपल्याकडे तर ‘कॅसिओ’ हा शब्दच वाद्याचं नाव झाला : ‘आमचा बंड्या कॅसिओ शिकतो.’ गणपतीच्या ऑर्केस्ट्रापासून चर्चपर्यंत तो पोचला. पुढे 88 पट्ट्यांचे, बोटाला वजन जाणवणारे डिजिटल पियानो आले. हेडफोन लावता येतो, म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्नही सुटला. घरातल्या शिकवणीसाठी एवढी अनुकूल परिस्थिती याआधी कधीच नव्हती.

मग सुरुवात करणाऱ्याला हा इतिहास काय सांगतो? तीन गोष्टी.

पहिली वाद्याविषयी. 61 पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डवर मूल सुरुवात करू शकतं, पण बोटाच्या जोराने आवाज बदलणारा कीबोर्ड हवाच. क्रिस्तोफोरीने जे शोधलं ते हेच होतं. ते नसेल तर आपण पियानोच्या नावाखाली फक्त पट्ट्यांची ओळख करून देतो. पालकांना हे पहिल्या दिवशी सांगावं, नाहीतर ते स्वस्त खेळणं आणतात आणि वर्षाने दोष शिक्षकाला येतो.

दुसरी अभ्यासक्रमाविषयी. आपल्या मुलाच्या कानात आरती आहे, अभंग आहे, नाट्यपद आहे, सिनेमाचं गाणं आहे. ग्रेडच्या पुस्तकात ते नाही. सांगळे आणि टिळक यांनी नगरमध्ये जे केलं, म्हणजे बाहेरून आलेल्या वाद्यावर आणि रचनेवर आपला सूर बसवला, ते काम प्रत्येक शिक्षकाला छोट्या प्रमाणात करता येतं. डाव्या हाताला दोन-तीन साधे कॉर्ड आणि उजव्या हाताला ओळखीची चाल, एवढ्याने मूल पहिल्या महिन्यात घरच्यांसमोर वाजवतं. शेजारी चेर्नीही चालू द्यावा. परीक्षा द्यावी, पण वर्षातले काही महिने परीक्षेचं पुस्तक बंद ठेवावं.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, फी. वाद्याचा प्रश्न सुटला, वहीचा सुटला, उंबरठ्याचा बराचसा सुटला. फीचा सुटला नाही. ‘घरीच तर शिकवता, भाडं थोडंच आहे?’ हे वाक्य अनेक शिक्षिकांनी ऐकलेलं असतं. दुकान भाड्याचं असेल तर जास्त पैसे योग्य वाटतात, आणि तेच ज्ञान घरातून दिलं की ते स्वस्त हवं असतं. त्यातून शिक्षिका स्त्री असेल तर ते ‘घर सांभाळून केलेलं’ काम ठरतं. मूल आजारी पडलं, शाळेची परीक्षा आली, पाहुणे आले की महिना कापला जातो. पण शिक्षिकेने मंगळवारचे पाच ते सहा राखून ठेवलेलेच असतात, ते दुसऱ्या कुणाला दिलेले नसतात. मोझार्टने जी गोष्ट विकायला काढली ती हीच होती, वेळ. शोपँने संकोच राखला, पण दर ठरलेला होता, आणि घराबाहेर जायचं तर जास्त होता. गुरुदक्षिणेची भाषा सुंदर आहे. तिच्या आडून महिन्याची फी बुडवणं मात्र परंपरेत बसत नाही. गुरूच्या घरी राहणारा शिष्य वर्षानुवर्षं घरची कामं करत असे, तीही एक किंमतच होती.

म्हणून सुरुवातीलाच चार ओळी कागदावर लिहून द्याव्यात : महिन्याची फी किती, ती कोणत्या तारखेआधी, सुट्टीचा नियम काय, शिकवणी बंद करायची तर किती दिवस आधी सांगायचं. गरजू मुलाला सवलत जरूर द्यावी. चेर्नीने लिस्टला फी न घेता शिकवलं. पण ती सवलत शिक्षकाने ठरवून द्यायची असते, घासाघीस करून घ्यायची नसते.

जाता जाता इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा म्हणून एक आग्रह. दरबारी गायकाच्या नेमणुकीचा कागद असतो, शाळेच्या शिक्षकाचं हजेरीपत्रक असतं. घरात शिकवणाऱ्यांचा पुरावा घरातच राहतो आणि घर बदललं की रद्दीत जातो. चेर्नी कसा शिकवायचा हे आपल्याला कळतं, कारण 1842 मध्ये त्याने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. म्हणून एक साधी दोनशे पानी वही ठेवावी. कोण आलं, किती तारखेला, काय शिकवलं, कोणतं गाणं मुलांना आवडलं, कोणती फी मिळाली आणि कोणती राहिली. हिशेबाला ती लगेच उपयोगी पडेल. आणि पन्नास वर्षांनी कुणी या जिल्ह्याच्या संगीताचा इतिहास लिहायला बसलं, तर किल्ल्याच्या आणि मिशनच्या कागदांशेजारी ठेवायला त्याच्या हातात तीही असेल.